डावीकडचा ढीग

चाकणचे ज्योतीराम गुरुजी वारले आणि मागे घरभर पुस्तकं राहिली. त्यातली विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी कोणती घ्यायची, हे ठरवायला पुण्याहून इंदुताई आल्या. काम नेहमीचंच. अभ्यासकांच्या उपयोगाचं ते उजवीकडे; वाळवी लागलेलं किंवा ग्रंथालयात आधीच असलेलं ते डावीकडे.

गुरुजींच्या पत्नी सुभद्राबाई उंबऱ्याशी बसून होत्या. भर दुपारी खोलीत काळोखी होती. जुन्या कागदाचा आणि तपकिरीचा वास कोंदला होता. इंदुताईंनी एक हस्तलिखित बखर उजवीकडे ठेवली. मग एक फाटकं व्याकरण डावीकडे. तोच आतल्या खोलीत कुणीतरी घसा खाकरला.

"आत कोणी आहे का?"

सुभद्राबाईंनी नुसती आतल्या दाराकडे नजर टाकली.

पुढचं पुस्तक डावीकडे गेलं आणि आतली खुर्ची करकरली. आणखी एक... आता पावलं. जड, फरपटत येणारी. दाराच्या पडद्यापाशी येऊन ती थांबली. वारा नव्हता, तरी पडदा आत ओढला गेला, आणि सुटला.

"हेच हाइत," सुभद्राबाई हलकेच म्हणाल्या. "जाऊन वरीस झालं, पर पुस्तकं सुटंनात त्यांच्यानं. सगळी न्या, बाई... एक बी ठिवू नका. मला रातच्याला हितंच झोपावं लागतं."

इंदुताईंना नियम पाठ होते. पण समोरच्या बाईच्या डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं होती. दोन्ही ढीग एक करून त्यांनी सारं एसटीच्या टपावर चढवलं. गाडी निघाली तेव्हा सुभद्राबाई पदर तोंडाला लावून रडत होत्या, सुटल्यासारख्या.

ग्रंथालयात निवड समितीचे प्रमुख नानासाहेब यांनी गठ्ठे सोडले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"अहो इंदुताई, ग्रंथालय म्हणजे अडगळीची खोली आहे का? निम्मी परत करा."

"त्या बाईंना ती घरात नको आहेत, साहेब..."

"म्हणून आपण ठेवायची?"

खरं कारण सांगायला इंदुताईंची जीभ रेटेना. नाकारलेली पुस्तकं काही दिवस तळघरात पडून राहिली, आणखी कुणाकुणा वारलेल्यांच्या घरून आलेल्या, अशाच नको झालेल्या पुस्तकांशेजारी. मग त्या स्वतःच ती घेऊन चाकणला निघाल्या. निदान समोर उभं राहून माफी मागावी, एवढंच मनात होतं.

पोचल्या तेव्हा दिवेलागण होत होती. सुभद्राबाई कंदील घेऊन दारात आल्या. गठ्ठे बघून त्यांचा चेहरा उतरला, पण त्या रागावल्या नाहीत.

"ठिवा, बाई. त्यांची सवय हाय मला."

मग त्यांनी कंदील उंच धरला आणि इंदुताईंच्या खांद्यावरून मागे पाहिलं. पाहतच राहिल्या.

"पर बाई... तुमच्या मागं ह्यो कोन?" त्यांनी कंदील आणखी पुढे केला. "आमचे हे न्हवंत..."

इंदुताईंना मान वळवता येईना. त्यांच्या अगदी कानाशी कुणीतरी सावकाश एक पान उलटलं.