आतून भिजलेला लॅपटॉप

"बाबा, आज ऑफिसला दांडी मारायची!" ठकूनं चपला घालता घालताच फर्मान सोडलं. "सोमवारी कॉलेज सुरू होतंय. लॅपटॉप आजच घ्यायचा... त्या जुन्या मशिनांच्या गल्लीतून. माझी मैत्रीण सांगत होती, तिथं स्वस्तात चांगले मिळतात म्हणून."

शर्टाच्या बटणावरचा बाबांचा हात जागीच थिजला. त्या गल्लीत!

"अगं, मी आणतो ना," ते कसंबसं म्हणाले. "माझ्या ओळखीचा एक माणूस..."

"नको. वापरायचा मला आहे, मीच बघून घेणार."

आतल्या खोलीतून ठकूच्या आईचा थकलेला आवाज आला, "जा हो तिच्याबरोबर. पोरीची एवढी हौस आहे!"

मुकाट्यानं ते निघाले. पण फाशी जाणाऱ्या माणसाचे पाय जसे जड व्हावेत तसे त्यांचे पाय जड झाले होते. ज्या ऑफिसला दांडी मारायची, ते ऑफिस होतंच कुठं? तेवीस वर्षं ज्या छापखान्यात त्यांनी मुद्रितं तपासली, लोकांच्या पुस्तकांतले काने-मात्रे दुरुस्त केले, त्या छापखान्याला सात महिन्यांपूर्वी कुलूप लागलं होतं. त्याच आठवड्यात ठकूची आई हृदयाच्या दुखण्यातून मरता मरता वाचून घरी आलेली! "यांना कसलाही धक्का बसता कामा नये," डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या एका वाक्यानं बाबांच्या ओठांवर टाळं पडलं ते पडलंच. तेव्हापासून रोज सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन बाहेर पडत आणि त्याच गल्लीतल्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत, लोकांनी टाकून दिलेले लॅपटॉप उघडून, ब्रशनं धूळ काढत, स्पिरिटनं पुसत दिवसभर स्टुलावर बसत. ठकूसाठी एक चांगला लॅपटॉप त्यांनी मालकांना सांगून बाजूला ठेवून घेतला होता. गुपचूप घरी न्यायचा, एवढाच बेत होता... आणि आज पोरगी स्वतःच वाघाच्या गुहेकडे निघाली होती!

गल्लीच्या तोंडाशीच त्यांनी तिला दुसऱ्या दुकानात वळवलं. तिथं एक नव्यासारखा दिसणारा, चंदेरी, कागदासारखा पातळ लॅपटॉप होता. तिचे डोळे लकाकले. बाबांनी तो उघडला-मिटला, बिजागरीशी अंगठा दाबला आणि मान हलवली.

"ही बिजागरी वर्षभर टिकायची नाही. आणि साठवायला जागाही फार कमी आहे, पुढं वाढवताही येणार नाही."

"बाबा, प्रत्येकात खोट काढायचीच का?" ठकूचा चेहरा लाल झाला. "घ्यायचाच नसेल तर तसं स्पष्ट सांगा! उगाच तज्ज्ञाचा आव कशाला? जन्मात कधी लॅपटॉपला हात तरी लावलाय का तुम्ही?"

तिचे शब्द काळजात रुतले. पण त्याहूनही भयंकर होतं ते तिचं रागारागानं बाहेर पडणं... आणि तडक त्यांच्याच दुकानाची पायरी चढणं! पळून जावं? पण पोरीला एकटं सोडून जाणार कुठं? घाम पुसत तेही आत शिरले.

गल्ल्यावर मालक होते. "अरे..." ते बोलू लागले, तोच त्यांना बाबांचा पांढराफटक पडलेला चेहरा दिसला, शेजारची मुलगी दिसली. त्या भल्या माणसानं ओळख न दाखवता चेहऱ्यावर हसू आणलं. "या साहेब. काय दाखवू?"

कृतज्ञतेनं बाबांना भरून आलं. वाचलो! आता काहीतरी घ्यायचं आणि निघायचं...

"हा मस्त आहे! किंमतही परवडेल," ठकू म्हणाली. तिच्या हातातला काळा लॅपटॉप बाबांनी पाहताक्षणी ओळखला.

मालक चार दिवस बाहेरगावी होते, तेव्हा तो आला होता. उघडला तर आतल्या मदरबोर्डवर हिरवट डाग! पाण्यात भिजलेला. आज चालेल, उद्या चालेल. आणि ऐन परीक्षेच्या दिवशी पोरीचं वर्षभराचं काम पोटात घेऊन कायमचा गप्प होईल. 'विकायचा नाही' अशी चिठ्ठी त्यांनी स्वतः चिकटवली होती. ती कुठं गळून पडली कोण जाणे! मालकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"तो नको, ठकू."

"का? कारण सांगा. मघापासून नुसतं नको नको!"

गप्प राहिलो तर लाज वाचेल, सात महिने जपलेलं गुपित वाचेल... पण पोरीचं काय? मुलीच्या नजरेतून उतरण्याची भीती एका पारड्यात आणि तिचं नुकसान दुसऱ्यात! त्यांनी डोळे मिटले.

"त्यात पाणी गेलंय. मला माहीत आहे, कारण... कारण तो मीच उघडून पुसलाय, बाळा. छापखाना केव्हाच बंद झाला. मी इथं काम करतो. त्या पडद्यामागं."

मालकांनी खाली मान घातली. ठकू सरळ पडद्याकडे गेली, तो बाजूला केला आणि बघत राहिली... ते पाठ मोडणारं स्टूल, ती अंधारी खोली, तो खिळ्याला टांगलेला काळपट एप्रन. तिची पाठ तेवढी बाबांना दिसत होती. आता ही आपल्याकडे कधी तोंड वळवणारच नाही, असं त्यांना वाटलं.

ती वळली तेव्हा तिचे गाल ओले होते.

"मग कुठला घेऊ, बाबा?" तिनं डोळे पुसले. "तुम्ही... तुम्हीच निवडा ना!"

बाबांनी बाजूला ठेवलेला तो लॅपटॉप घेऊन दोघं घरी पोहोचली, तेव्हा बाबांची भीती निम्मीच उरली होती. पण ती उरलेली निम्मी खरी जीवघेणी होती. पलंगाशी बसून, पत्नीची नाडी बोटाखाली धरूनच त्यांनी एकेक वाक्य सांगितलं. प्रत्येक वाक्यानंतर ते थांबत, तिचा श्वास ऐकत. ठकू औषधाची गोळी मुठीत घेऊन उभी होती.

सगळं सांगून झालं. ठकूची आई छताकडे बघत राहिली. बाबांना वाटलं, संपलं!

मग तिनं कूस वळवली आणि त्यांचा हात घट्ट धरला.

"सात महिने तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत," ती हुंदका आवरत म्हणाली. "मला वाटलं, या आजारी बायकोचा कंटाळा आला तुम्हाला... रोज हेच भय उराशी घेऊन झोपत होते मी!"