गच्चीवर कुणी हलायचं नाही

खांद्यावर जाडजूड नळकांडं घेऊन एक माणूस आमचा जिना चढत होता. मी कमरेवर हात ठेवून आडवी उभी राहिले. "गच्ची माझी आहे. हे काय नेताय?"

"दुर्बीण. मी कोपऱ्यावरचा घड्याळवाला. विचारायलाच येत होतो... एका दीर्घिकेचा फोटो काढायचाय. अगणित ताऱ्यांची चकती आहे, पण आपल्याला तिची नुसती कड दिसते."

"म्हणजे तोंड फिरवून बसलेली."

"हो ना," तो हसला, "तरी रोज बघत बसावंसं वाटतं."

साठीच्या माणसानं असं बोलावं! चौथी शिकलेली, नवऱ्यामागे तीन मुलं वाढवलेली बाई मी... पण कान गरम झालेच.

गच्ची दिली मी. त्याचा नियम एकच. एक फोटो पाच मिनिटं चालायचा, तेवढ्यात गच्चीवर पाऊल हलता कामा नये. असे कितीतरी फोटो एकावर एक रचले की चित्र उमटणार. ज्या घरात माझ्या आवाजानं सुना दचकतात, तिथं मी पाच-पाच मिनिटं गप्प बसू लागले. गार वारा, वर चांदण्या सांडलेल्या. त्याची बाही माझ्या शालीला टेकायची... तो काढून घ्यायचा नाही, मीही सरकायची नाही.

"आई, ताऱ्यांना दिसते का हो ही ठेवणीतली शाल?" धाकटी सून म्हणाली.

"तू तुझं दूध बघ, उतू चाललंय."

महिन्याभरानं एका रात्री तो म्हणाला, "आजचा शेवटचा फोटो. मग दुकान आवरून मुलीकडे जातोय — कायमचा."

कुणाला 'राहा' म्हणायची सवय नाही मला. शेवटची पाच मिनिटं सुरू झाली आणि मी उठले. धप् धप् करत गच्चीला दोन फेऱ्या मारल्या.

"अहो, हललं!"

"हलू दे. उद्या पुन्हा काढा... पहिल्यापासून."

त्यानं डोकं खाजवलं. "बाई, एकच बिघडलाय. तो टाकून देतात. बाकीचे पुरतात."

अंधार होता म्हणून माझी लाज राहिली. त्यानं दुर्बिणीवर झाकण चढवलं. मग हळूच म्हणाला, "मुलीला कळवू का... सगळेच फोटो हलले म्हणून?"

"कळवा," मी म्हटलं, "आणि कुणामुळे हलले, तेही लिहा."