शून्यरेषा

पंचफुलाबाई डोंगरे यांची तक्रार तिसऱ्यांदा फेटाळली गेली, तेव्हा त्या स्वतःच नागपूरला आल्या. हिंगणघाटहून सकाळची बस, पुढे मेट्रो आणि मग फाटकापासून आतपर्यंत पायी. परिचर्या-मापन संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिथे बाहेरचं माणूस सहसा येत नसे, तिथे त्या डॉ. वैजयंती बोरकरांच्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. बसा म्हटल्यावरही लगेच बसल्या नाहीत. आधी पिशवीतून कागदात गुंडाळलेली भारपट्टी काढली आणि टेबलावर ठेवली.

"हे बिघडलेलं हाय जी," त्या म्हणाल्या. "दुसरं द्या."

भारपट्टी वैजयंतीच्याच डोक्यातून निघालेली. घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाची बिनपगारी सेवा करणाऱ्यांना राज्याने परिचर्या भत्ता सुरू केला, तेव्हा पहिला प्रश्न आला तो पुराव्याचा. दाखले मिळवणारे दाखले मिळवत आणि खरे राबणारे घर सोडून कचेरीत जाऊ शकत नसत. वैजयंतीने सुचवलं की माणसाला विचारायचंच कशाला, त्याच्या शरीरालाच विचारावं. दंडावर चिकटवायची बोटभर पट्टी चौदा दिवस घामातलं ताणद्रव्य, नाडी आणि झोप मोजत राहील आणि शेवटी शंभरपैकी एक आकडा देईल. त्याला भारांक म्हणायचं. तीसच्या वर भारांक गेला की भत्ता मिळणार. शरीर खोटं बोलत नाही, असं एक वाक्य तिने प्रस्तावात लिहिलं होतं. मंत्र्यांनी ते पुढे बऱ्याच भाषणांत वापरलं.

पंचफुलाबाईंचा भारांक तिन्ही वेळा शून्य आला होता.

त्यांची मुलगी मनीषा बावीस वर्षांची. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, तेव्हापासून ती बसू शकत नाही, गिळतानाही तिला मदत लागते. नवरा सात वर्षांपूर्वी गेला. दर दोन तासांनी मुलीची कूस बदलायची, तीन वेळा भरवायचं, दोन वेळा अंग पुसायचं. हे सगळं पंचफुलाबाईंनी तक्रारीचा सूर न लावता सांगितलं, एखादी वाट सांगावी तसं. आज शेजारणीला बसवून आल्या होत्या आणि चारच्या आत परत पोहोचायचं होतं.

तपासणीसाने अहवालात लिहिलं होतं की अर्जदार प्रत्यक्ष सेवा करत नसावी. वैजयंतीने तो कागद त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून हळूच उलटा केला. पण त्यांना तो माहीत होता.

"तुमच्या ओळखीत कुणाला मिळाला का भत्ता?" तिने विचारलं.

मिळाला होता. त्यांच्याच गल्लीतला चेतन, वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून तीन आठवडे घरी राहिला होता. त्याचा भारांक ब्याऐंशी आला. वैजयंतीला वाटलं, आता बाई चिडतील. त्या चिडल्या नाहीत.

"त्याले जड गेलं असंल बिचाऱ्याले," त्या म्हणाल्या. "पहिल्या साली मलेही तसंच झालं होतं. छाती धडधडे, रडू ये. मंग ते सारं बंद झालं. आता काईच होत नाई."

त्या गेल्यावर वैजयंती बराच वेळ त्या शेवटच्या वाक्यापाशी थांबून राहिली.

दुपारी तिने यास्मिन काझीला बोलावलं. यास्मिन संस्थेची सांख्यिकीतज्ज्ञ, आकड्यांत पक्की आणि शरीरशास्त्रात नवखी, त्यामुळे तिला समजावून सांगताना स्वतःचंही तपासून होई. वैजयंतीने फळ्यावर एक वक्र काढला. निरोगी माणसात ताणद्रव्य पहाटे उसळतं, माणसाला उठवतं आणि संध्याकाळपर्यंत उतरतं. डोंगर आणि उतार. नवा भार पडला की संध्याकाळचा उतार होत नाही, पातळी वरच राहते. चेतनचं तसं झालं होतं.

"आणि भार वर्षानुवर्षं राहिला तर?" यास्मिनने विचारलं.

"तर शरीर उसळणंच सोडून देतं." वैजयंतीने डोंगरावरून सरळ आडवी रेघ ओढली. "सकाळी चढ नाही, संध्याकाळी उतार नाही. दिवसभर सपाट."

यास्मिनने खडू घेतला आणि आडव्या रेघेच्या वर-खाली दोन तुकडे रंगवले. "आपलं सूत्र दिवसभराची बेरीज करतं, मॅडम. संध्याकाळी या रेघेत जेवढं जास्त भरतं, तेवढंच सकाळी कमी पडतं. अधिक आणि उणे. उत्तर शून्य."

म्हणजे पट्टी बिघडलेली नव्हती. सूत्रच फक्त नव्या थकव्याला ओळखत होतं. जो जास्त वर्षं थकला, तो त्या सूत्रासाठी बसून खाणारा ठरत होता.

चूक सापडली की वैजयंतीला एरवी हुरूप येई. त्या दिवशी तिला नुसतं डोकं टेबलावर टेकवावंसं वाटलं. तरी दोघींनी आठवडाभरात सूत्र बदललं. आता रेषा वर असो की खाली, नेहमीच्या रेषेपासून जेवढी दूर तेवढा भार धरायचा. जुनी सगळी मोजमापं नव्या सूत्रातून काढली. बायकोची पंधरा वर्षं सेवा करणाऱ्या वर्ध्याच्या एका निवृत्त शिक्षकांचा भारांक अकरावरून एकाहत्तरवर गेला. भावाला सांभाळणाऱ्या एकाचा नवावरून चौसष्टवर.

पंचफुलाबाईंचा शून्यावरून चारवर आला.

यास्मिनने दोनदा मांडून पाहिलं. चारच. मग तिने ज्यांचे आकडे हलले नव्हते अशा सगळ्यांची यादी काढली. यादीत तीन हजारांवर नावं होती आणि त्यांत पुरुष एकही नव्हता.

"दूर म्हणजे कशापासून दूर, हे आपण पाहिलंच नाही," यास्मिन म्हणाली.

कोणत्याही मापाला शून्य लागतं. भारपट्टीची शून्यरेषा दीड वर्षापूर्वी ठरली होती. राज्यभरातून, कुणाचीही सेवा करत नाही असं लिहून देणाऱ्या लोकांना पट्ट्या लावल्या आणि त्यांची सरासरी ती शून्यरेषा. वयोगट आणि स्त्री-पुरुष यांच्या वेगळ्या रेषा होत्या. यास्मिनने पंचफुलाबाईंच्या वयोगटाच्या, पंचेचाळीस ते पंचावन्नच्या, दोन रेषा पडद्यावर शेजारी शेजारी आणल्या. पुरुषांची डोंगर आणि उतार. बायकांची जवळपास सपाट. खाली बारीक अक्षरांत वैजयंतीच्याच हातची टीप होती: या वयात स्त्रियांमध्ये वक्र स्वाभाविकपणे मंद आढळतो.

"हे खरं आहे का?" यास्मिनने विचारलं.

थोडा फरक पडतो, वैजयंती म्हणाली, पण इतका पडतो असं कुठल्या ग्रंथात वाचलेलं आठवत नाही. तेव्हा घाई होती, आकडे तसे आले, म्हणून टीप लिहिली.

त्या गटात सहाशे बारा बायका होत्या. माहिती गुप्त होती. यादीत नावं नव्हती, नुसते क्रमांक आणि दूरध्वनी. दोघींनी आळीपाळीने फोन लावायला घेतले. सेवा करता का, हा प्रश्न मात्र यास्मिनने विचारू दिला नाही. त्याचं उत्तर त्या बायकांनी एकदा दिलंच होतं. त्याऐवजी विचारायचं, पट्टी लावली होती त्या दिवसांत तुमचा दिवस कसा जायचा, पहाटेपासून सांगा.

बायका सांगू लागल्या. जेजुरीची एक म्हणाली, काही विशेष नाही, सासूबाईंना दिसत नाही तेवढं बघावं लागतं. परभणीच्या एकीचा दीर वेडाच्या लहरीत घराबाहेर जाई, म्हणून ती दाराशी झोपायची. चिपळूणच्या बाई दोन घरांचे डबे करून मधल्या वेळात आईला डायलिसिसला नेत होत्या. कुणी खोटं बोललं नव्हतं. हे सेवा या शब्दात मोडतं, असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सेवा दवाखान्यात असते, हे घरचंच.

निम्मे फोन झाल्यावर खात्याचे सचिव निंभोरकर पडद्यावर आले. साठीला टेकलेले, शांत गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की आतापर्यंत खरोखर कुणाचंच काही न करणाऱ्या किती निघाल्या. पाच, यास्मिन म्हणाली, आणि त्या पाचजणींचा वक्र पुरुषांइतकाच चढता-उतरता आहे.

"म्हणजे ही रेषा स्वाभाविक नाही."

"नाही, सर," वैजयंती म्हणाली. "आम्ही थकव्यालाच शून्य धरलं."

सचिवांनी चष्मा काढून डोळे चोळले. खरं शून्य वापरलं तर या वयातल्या किती बायका पात्र ठरतील, असं त्यांनी विचारलं. पाचातल्या चार, यास्मिन म्हणाली. सगळे फोन पूर्ण करा, एवढंच सांगून त्यांनी पडदा बंद केला.

आणखी नऊ दिवस गेले. शेवटच्या दुपारी शंभरेक क्रमांक उरले होते. यास्मिन पलीकडच्या टेबलावरून एकेक लावत होती, वैजयंती नोंदी तपासत होती. तेवढ्यात वैजयंतीचा फोन वाजला. तिने तो कानाला लावला आणि तिला यास्मिनचा आवाज दोन्हीकडून ऐकू आला, फोनमधून आणि समोरून.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. वैजयंती हसली. "अगं, मी आहे त्यात. नमुना कमी पडत होता तेव्हा संस्थेतल्या आम्ही सगळ्यांनीच लावून घेतल्या होत्या पट्ट्या. माझं नाव खऱ्या शून्यात घाल आणि पुढचा लाव."

यास्मिनने फोन ठेवला नाही. "प्रश्न सगळ्यांना सारखाच विचारायचा असं ठरलंय, मॅडम. त्या दिवसांत तुमचा दिवस कसा जायचा? पहाटेपासून सांगा."

वैजयंती सांगू लागली ती थोडी गमतीनेच. पाचला उठते. सासऱ्यांना कंपवात आहे, सहा वर्षं झाली, त्यांना उठवून न्हाणीत न्यायचं. हात थरथरतात म्हणून दाढी मीच करते, नवऱ्याला ते जमत नाही. मग गोळ्या, मग पातळ करून नाश्ता, त्याला पाऊण तास लागतो. साडेनऊला त्यांना सांभाळणाऱ्या बाई येतात. संध्याकाळी सहाला त्या जातात, तोवर पोहोचायचं. रात्री ते दोन-तीनदा हाक मारतात...

इथे ती थांबली. यास्मिन लिहीत होती. तिने मान वर केली नाही.

"माझी रेषा काढलीस?" वैजयंतीने विचारलं.

"काढली."

"सपाट?"

"पंचफुलाबाईंच्या रेषेवर ठेवली तर वेगळी ओळखू येणार नाही."

वैजयंतीने फोन टेबलावर ठेवला. शरीराने तिला सहा वर्षं सांगितलं होतं आणि तेच ऐकायचं यंत्र बनवताना तिने त्याखाली टीप लिहून टाकली होती. तिला राग आला नाही, दुःखही झालं नाही. काईच होत नाई, असं त्या बाई म्हणाल्या होत्या, ते तिला आता आतून कळलं.

सहाशे बारांपैकी फोनवर भेटल्या पाचशे चौऱ्याहत्तर. खऱ्या शून्यातल्या नऊ निघाल्या. इतक्या थोड्या माणसांवर रेषा काढायची नाही, असा शास्त्राचा दंडक. अहवालात काय लिहायचं ते सरळ होतं: या वयोगटातील स्त्रियांसाठी शून्य उपलब्ध नाही. पण मग शून्य नाही म्हणून मापन नाही, मापन नाही म्हणून भत्ता नाही, आणि नवं काही ठरेपर्यंत वर्षं जाणार.

निंभोरकरांनी मध्यम मार्ग काढला. नऊजणींची रेषा तात्पुरती मान्य करू, पण ती फक्त ज्यांनी अर्ज केला आहे त्यांनाच लागू. बाकीच्यांनी आपण सेवा करत नाही असं स्वतः लिहून दिलेलं आहे, ते खात्याने खरं धरावं.

"ते खरं नाही, सर," वैजयंती म्हणाली.

"मला ठाऊक आहे," निंभोरकर म्हणाले. "माझी आई आमच्याकडे असते. मी तिला रोज सकाळी नमस्कार करून ऑफिसला येतो. बाकीचं कोण करतं, ते मी या महिन्यात पहिल्यांदा पाहिलं. पण पाचातल्या चार बायकांना देण्याइतकं या खात्याकडे नाही, आणि थांबलो तर त्या हिंगणघाटच्या बाईलाही देता येणार नाही. सही तुमची लागेल."

तिने रात्रभर विचार करायला मागितला नाही. विचार करायला रात्र मोकळी नव्हतीच. पाचशे पासष्ट बायका कायद्याने काहीच न करणाऱ्या ठरणार होत्या आणि त्यांत ती स्वतः होती. तिने सही केली. खाली एक ओळ स्वतःच्या हाताने घातली: सदर शून्यरेषा शास्त्रीय नसून सोयीची आहे. ती ओळ निंभोरकरांनी खोडली नाही.

मग तिने हिंगणघाटला फोन लावला. पंचफुलाबाई धापा टाकत आल्या, मुलीला कुशीवर वळवत होत्या. भारांक नव्याने काढला, शहाऐंशी आला, भत्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होईल, असं वैजयंतीने सांगितलं. पलीकडे आनंदाचा उद्गार वगैरे निघाला नाही.

"म्हंजे पट्टी बिघडली नव्हती?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुमच्यात काही खोट नव्हती आणि पट्टीतही नव्हती. आम्ही चुकीच्या ठिकाणापासून मोजत होतो."

"म्हंजे मी खरंच थकली हाव."

"हो," वैजयंती म्हणाली. "खूप."

पंचफुलाबाईंचा आवाज नेहमीपेक्षा हळू झाला. "मले वाटे, मीच आळशी झाली. सकाळी उठवत नाई तं सोताच्याच जिवावर चिडो मी. बरं झालं सांगतलं, म्याडम." आणि मुलीच्या भरवण्याची वेळ झाली म्हणून त्यांनी फोन ठेवला.

साडेपाच वाजत आले होते. सहाला बाई निघतील. वैजयंतीने संगणक बंद केला, पर्स खांद्याला लावली आणि जिन्याच्या तोंडाशी, आयुष्यात पहिल्यांदाच, नवऱ्याला फोन केला की आज तू लवकर घरी जा, मला उशीर होईल. का, असं त्याने विचारलं. कामाचं कारण सांगता आलं असतं.

"थकले आहे मी," ती म्हणाली, आणि पायरीवरच बसली.