निळ्या रेघेचा पेला

थोरलीचं काम सांगायला सोपं होतं. लोक मोबाइलवर जे व्हिडिओ टाकतात, त्यातल्या ज्यांविषयी तक्रार येते ते बघायचे आणि ठेवायचे की उडवायचे ते ठरवायचं. दिवसाला सहाशे. घरात तिला थोरली म्हणत. आईने एकदा ऑफिसात फोन करून "थोरलीला द्या जरा" म्हटलं, तेव्हापासून तिथेही तेच नाव चिकटलं.

कामाची रीत तिला शेजारच्या टेबलावरच्या काकांनी शिकवली होती. काका तिथले सगळ्यांत जुने. "मधे बघायचंच नाही," ते म्हणाले होते. "मधे पडलेला माणूस असतो. डोळा कोपऱ्यात ठेवायचा. आवाज बंद, अकरा सेकंद, की पुढचा. शेवटपर्यंत बघत बसलीस तर घास उतरायचा नाही."

दीड वर्षात थोरलीला मधला माणूस खरंच दिसेनासा झाला. भोवतीचं कोंडाळं मात्र दिसत राहिलं. मोबाइल उंच धरून उभी असलेली, नीटनेटक्या कपड्यांतली, खाऊनपिऊन सुखी माणसं. नीट दिसावं म्हणून पुढच्याला कोपराने सरकवणारी. माणसांवरचा तिचा विश्वास रोज थोडाथोडा उडत गेला, आणि वडील बसथांब्यावर छातीत कळ येऊन पडले तेव्हा उरलासुरलाही गेला. वीस मिनिटं ते तिथे पडून होते, आणि तिथेच गेले. कुणीतरी काढलेला त्यांचा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. थोरलीने अकरा सेकंद पाहिला होता.

तेव्हापासून आई रोज एकच विचारायची. "कुणीतरी घोटभर पाणी दिलं असेल ना गं त्यांना?"

"असेल गं," थोरली म्हणायची आणि ताटात बघत राहायची.

म्हणूनच असेल, तो पेला तिच्या नजरेत भरला. एका व्हिडिओच्या कोपऱ्यातून करड्या स्वेटरमधला एक माणूस येत होता. हातात काठोकाठ भरलेला पेला, सांडू नये म्हणून जपून टाकलेली पावलं. एवढ्या गर्दीत मोबाइल नव्हता तो फक्त त्याच्याच हातात. थोरलीला इतकं बरं वाटलं, की नियम मोडून तिने व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. तो पोहोचायच्या आतच व्हिडिओ संपला.

चार दिवसांनी तो पुन्हा दिसला. शहर दुसरं, बर्फ पडत होता, पण स्वेटर तोच आणि पेलाही तोच. मग एका आगीपाशी. मग एका पुलाखाली. खरं तर घाबरायला हवं होतं, पण थोरलीला नुसती उत्सुकता लागून राहिली. हा बाबा एकदा तरी पोहोचतो का?

"काका, तो पेलावाला बघितलाय तुम्ही?"

काकांचा माऊसवरचा हात थांबला. "अजून चालतोय तो...?"

"कोण आहे?"

"पोरी, कोपऱ्यातसुद्धा फार बघू नये," ते हळू आवाजात म्हणाले, आणि त्या दिवशी डबा न उघडताच घरी गेले.

रविवारी भर दुपारी, आई पलीकडच्या खोलीत आडवी झालेली असताना, थोरलीने वडिलांचा व्हिडिओ लावला. आवाजासकट. "जवळून घे ना, जवळून," कुणीतरी म्हणत होतं. कुणीतरी हसलं. वडिलांच्या एका पायातला बूट निघाला होता. आणि कोपऱ्यातून तो आला. दहा पावलं उरली, पाच, दोन. पेल्याच्या काठाला निळी रेघ होती, ऑफिसातल्या पेल्यांना असते तशी. त्याने मान वर करून सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"बंद करू नका हो..." तो अजिजीने म्हणाला. "पोहोचतोच आहे मी."

व्हिडिओ तिथेच संपला.

"कोण बोललं गं?" दारात आई उभी होती.

"एकाने पाणी आणलं होतं बाबांना."

"मग? दिलं ना?"

"दिलं," थोरली म्हणाली. आई मटकन खाली बसली आणि पोटभर रडली. त्या रात्री तिला कितीतरी महिन्यांनी गाढ झोप लागली.

सोमवारी सकाळी ऑफिसात थोरली नुकताच पेला भरून टेबलाशी बसली होती, तोच खाली रस्त्यावर करकचून ब्रेक लागला. तिने खिडकीतून पाहिलं. एक म्हातारा सायकलवरून पडला होता आणि भोवती कोंडाळं जमलंसुद्धा होतं. हातात पेला होता तसाच घेऊन ती तीन जिने उतरली. आईला सांगितलेलं खोटं निदान आज, कुणासाठी तरी, खरं व्हावं एवढंच तिच्या मनात होतं.

दारापासून म्हातारा वीस पावलांवर होता. थोरलीने वीस पावलं मोजली. मग चाळीस. मग साठ. म्हातारा होता तिथेच होता, वीस पावलांवर. पेल्यातलं थेंबभरही पाणी सांडलं नव्हतं.

पुढच्या बाईने कंटाळून मोबाइल खाली घेतला, तशी त्या बाजूची दुकानं, झाडं, माणसं दिसेनाशी झाली. तिच्या शेजारच्यानेही घेतला. आणखी एक बाजू गेली. शेवटी एकच मोबाइल वर उरला, आणि तो धरणाऱ्याचाही हात अवघडला होता.

थोरलीने पेला सावरला.

"अहो, बंद करू नका..." ती म्हणाली. "पोहोचतेच आहे मी."