पल्याडची हाळी

मोबाइलची बत्ती बंद करा रे पोरांनो, आणि ऐका. गोदाकाठची दैवशाला माझ्या चांगल्या ओळखीची. तिच्या होडीतून मी कितीदा पल्याड गेलोय. खोटं सांगून मला काय मिळणार?

वैशाखातली सोमवती अमावस्या होती. दुसऱ्या दिवशी भावाच्या, म्हणजे अंगदच्या पोराचं जावळ काढायला पल्याडच्या देवीला जायचं ठरलेलं. म्हणून संध्याकाळी दैवशाला खताच्या पोत्यांचं शीड शिवत बसली होती. तेवढ्यात मोबाइलवर इशारा आला, सोसाट्याचा वारा सुटणार. तिनं सुई बाजूला ठेवली. अंगदला घेऊन होडी काठावर ओढली, पालथी घातली आणि साखळीला कुलूप ठोकलं.

"उद्या जाणं न्हाई. पुढल्या मंगळवारी बघू."

अंगद भडकला. "पाव्हणे येऊन राह्यले अन् तू कुलूप लावती? आबा कुणाच्या हाळीला कधी न्हाई म्हणले न्हाईत!"

"म्हणूनच आबा राह्यले न्हाईत."

आबा, म्हणजे या दोघांचा बाप संपत नावाडी, असल्याच वाऱ्यात पल्याडून हाळी आली म्हणून गेला होता. होडी सापडली. तो सापडला नाही.

रात्री वारा सुटला. पत्रे थडथडायला लागले. आणि मध्येच...

"दैवशाला... नाव आण गं..."

वारा या काठाकडून पल्याड वाहत होता. तरी पल्याडची हाळी ऐकू येत होती. बापाचाच आवाज.

अंगद रडायलाच लागला. "आबा हायेत. किल्ली दे."

तिलाही भरून आलं. पण किल्ली तिनं कनवटीला खोचली आणि दारात आडवी उभी राहिली.

"नाव आण..."

आता जवळून. अगदी अंगणातून...

"आबा असाल तर वारं वळखाल!" ती अंधारावर ओरडली. "आज नाव निघणार न्हाई. मंग निघंल तवा निघंल. बसा!"

एकदम... सगळं शांत.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. नावाडी 'बसा' म्हणाला की समोरचा त्याचा उतारू झाला. दिसत नसलेल्याला तो शब्द कुणी देत नाही.

सकाळी कुलूप जसंच्या तसं. दोघांनी होडी सरळ केली. आत सगळं कोरडं. फक्त पुढची फळी ओली. एक माणूस बसेल, एवढीच.

मंगळवारी जावळ झालं, सगळे सुखरूप परतले. ती फळी मात्र भर उन्हातही वाळत नाही. वाऱ्याचा इशारा आला की दैवशाला तिच्यावर हात ठेवते, ओला हात पदराला पुसते आणि सुनावते,

"बसा आबा. पण निघायचं कवा, ते मी ठरवणार."