ताल कोणाकडे झुकतो

चौथ्या गाण्यात ड्रमचा ठोका बेसच्या सुराआधी पडत होता. अंतर अगदी थोडे होते, पापणी मिटायला लागणाऱ्या वेळाच्या दहाव्या भागाएवढे. पण गाणेभर ते एकाच दिशेने होते.

'कातळ' हा वसईचा जुना रॉक बँड. मूळ बेसवादक नेल्सन वारल्यानंतरचा त्यांचा हा पहिला अल्बम. निम्मी गाणी जिवंत, निम्मी निर्जीव, याबद्दल सर्व समीक्षकांचे एकमत होते. दोष नेल्सनच्या जागी आलेल्या ऋजुता पागेवर आला होता आणि निर्माते तिला काढायला निघाले होते. ध्वनिशास्त्र शिकलेल्या समीक्षक शर्वरी दिघेचे परीक्षण तेवढे बाकी होते. त्यासाठीच तिने ड्रमर अन्सेल्म लोपीसला श्रवणसंस्थेच्या प्रयोगशाळेत बोलावले होते.

"परीक्षण लिहायला हल्ली प्रयोगशाळा लागते?" अन्सेल्मने विचारले. "पूर्वी दोन कप चहात उरकायचं."

"पूर्वी तुम्ही चुकतही नव्हता."

संस्थेतला तंत्रज्ञ उमेश तांडेल हसला. अन्सेल्मच्या कानामागचे श्रवणयंत्र त्यानेच बसवले होते.

शर्वरीने पडद्यावरचा आलेख दाखवला. "एकत्र वाजवणारे एकमेकांकडे झुकतात. एक जरा पुढे गेला, की दुसरा पुढच्या ठोक्याला नकळत सावरून घेतो. हा झुकाव मोजता येतो. निर्जीव गाण्यांत ऋजुता सतत तुमच्याकडे झुकते. तुम्ही तिच्याकडे एकदाही नाही."

"वय झालं, बाई."

"वयाने ठोके इकडेतिकडे विखुरले असते. तुमचे शिस्तीत आहेत. तुम्ही कोणाकडे तरी झुकताय, आणि तो या ध्वनिमुद्रणात नाही."

उमेशचे हसू मावळले. "पूर्वश्रवण," तो म्हणाला. "आवाज टिपून मज्जातंतूपर्यंत पोचवायला यंत्राला वेळ लागतो. बोलताना चालतं, तालात नाही चालत. म्हणून अंकलचं यंत्र पुढचा सूर आधीच ताडतं आणि ताडलेलाच ऐकवतं. बँडचे जुने अल्बम ऐकवून मी त्याला ताडायला शिकवलं."

"सगळ्यांत बेसवर नेल्सन."

"हो."

"म्हणजे ऋजुता नेल्सनसारखी वाजवते, तेवढीच गाणी जुळतात," शर्वरी सावकाश म्हणाली. "ती स्वतःचं वाजवते, तेव्हा यांना ती ऐकूच येत नाही."

"यंत्राला नव्याने शिकवू या, असं मी वर्षभर सांगतोय. अंकल दर वेळी पुढच्या महिन्यावर टाकतात."

अन्सेल्म आलेखाकडे पाहत होता. "नवं शिकवलं की जुनं राहतं का त्यात?"

"नाही, अंकल. बेसची जागा एकच आहे."

"मला पहिल्याच तालमीत कळलं होतं," अन्सेल्म म्हणाला. "ती पोरगी बेस गिटार खाली ठेवून पाणी पीत होती. आम्ही वाजवत होतो. आणि मला बेस ऐकू येत होता. त्याच्या त्या घाईसकट. मेल्याला दम कधी निघालाच नाही."



"मला आज लिहायचंय," शर्वरी म्हणाली. "लोक म्हणताहेत, ऋजुताला काढा."

अन्सेल्मने कानामागचे यंत्र सोडवले, उमेशच्या हातात ठेवले, आणि स्वतःचाच आवाज ऐकू येत नसल्याने गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाला, "नेल्सनला काढ."