बहात्तर ठोके

घाईबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे, वर्गातल्या मुलींनी ठेवलेलं. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती पोरगी. हात चलाख, बोलणं गोड, पण मिनिटभर स्वस्थ उभं राहायचं म्हणजे तिच्या जिवावर यायचं. नाडी बघायला सांगितली की मनगटाला बोटं लावल्यासारखं करायची आणि तक्त्यावर ठोकून द्यायची, बहात्तर. निरोगी माणसाचा आकडा, कोण विचारतंय.

एका सकाळी चार नंबरच्या खाटेवरच्या आजोबांचेही तिने बहात्तर लिहिले. त्या दिवशी तर हातसुद्धा लावला नव्हता. आजोबा जाऊन तेव्हा अर्धा तास झाला होता.

शिकवणाऱ्या मॅडम तिला काढूनच टाकणार होत्या. बाबा येऊन हातापाया पडले, म्हणून एक शेवटची संधी मिळाली. दुपारी तीनला सरावाच्या खोलीत परीक्षा. पुन्हा खोटा आकडा निघाला, तर बॅग भरायची आणि घरी जायचं.

अडीचलाच ती जाऊन बसली. स्पिरिटचा वास, सहा खाटा, खाटांवर पांघरुणं घातलेल्या सहा रबरी डमी. बाहेर एवढी वर्दळ, पण आत कसला आवाज म्हणून नाही. तिने पहिल्या डमीचं मनगट धरलं आणि घड्याळावर नजर लावली. रबराला कसली आलीय नाडी? नुसती मिनिटभर धरून बसायची सवय करायची होती.

बोटांखाली काहीतरी उडलं.

अंगठा टेकला की आपलीच नाडी लागते, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. तिने अंगठा दूर केला. ठोके चालूच. पूर्ण मिनिट मोजले... बहात्तर. पुन्हा मोजले. बहात्तर.

"आधीच सुरू केलंस?" मॅडम आत आल्या, वही उघडली. "सांग, किती?"

खरं सांगावं, तर पुन्हा थाप मारली म्हणून आजच घरी.

"मॅडम... तुम्ही बघता का जरा?"

"मी कशाला बघू? परीक्षा तुझी आहे."

बाबांचे जोडलेले हात तिच्या डोळ्यांसमोर आले.

"शून्य," ती म्हणाली.

बोटांखालचा ठोका थांबला.

"झालीस पास. जे नाही ते लिहायचं नाही, एवढंच शिकवायचं होतं तुला." मॅडमनी सही केली. "सोड आता तो हात."

तिला सोडवेना. हात गार पडत चालला होता. इतका वेळ तो कोमट होता, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.